टेबलाखाली कोण आहे?

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे सासरे आणि सून उभे होते. सुनेच्या हातात डॉक होता, म्हणजे स्क्रीन, कॅमेरा, माइक अशा सगळ्यांच्या वायरी जिच्यात खुपसायच्या ती डबी.

“बाबा, काल ऐन ऑनलाइन मुलाखतीत सारखी स्क्रीन जात होती.”

“म्हणून तर मी वायर दाबून धरली.”

“टेबलाखाली बसून. तुमचे गुडघे किती दुखले असतील.”

“गुडघ्यांचं सोड. तुझं इंग्रजी बोलणं मला काही कळलं नाही, पण कुठे अडखळली नाहीस.”

“इतक्या वर्षांनी मुलाखत देत होते, आणि नेमकी तुम्हाला शिंक आली.”

“आली खरी. तुझ्या कानात हेडफोन, मला काय ऐकू येणार? मुलाखत घेणाऱ्या बाई काय म्हणाल्या?”

“‘टेबलाखाली कोण आहे?’ म्हणाल्या. म्हटलं, सासरे. डॉक दगा देतोय, म्हणून वायर धरून बसलेत.”

“अगं, काहीतरी थाप मारायचीस.”

“सुचलीच नाही. त्या हसायलाच लागल्या.”

“हसल्या? म्हणजे गेलं सगळं.”

“नाही बाबा, हा मेसेज बघा, आत्ताच आलाय. उद्या प्रत्यक्ष भेटायला बोलावलंय.”

“वाचून दाखव. चष्मा घरी राहिलाय.”

तिने हळू आवाजात वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

“नोकरी लागली तर काम घरूनच आहे, बाबा. डॉक धड चालायला हवा.”

“‘लागली तर’ नको. ‘लागल्यावर’ म्हण. चल, आपला नंबर आला.”