बुडायची तयारी

पोहण्याच्या तलावापाशी तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे पन्नाशीच्या एक बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ उभे होते.

“ताई, रविवारी बाप्तिस्मा घ्यायचा म्हणून आज तलावात उतरायचं, हे अतिच होतंय.”

“रविवारी पाद्रीसाहेब मला पूर्ण पाण्याखाली नेणार. त्याआधी एकदा जाऊन बघते.”

“लहानपणी विहिरीत पडलीस तेव्हापासून तू बादलीलाही घाबरतेस. डोक्यावर पाणी शिंपडलं तरी चालतं, असं तेच म्हणाले ना?”

“म्हणाले. पण बाप्तिस्मा या शब्दाचा मूळ अर्थ बुडवणं, हेही त्यांनीच सांगितलं. जुनं आयुष्य बुडवायचं आणि नव्यानं वर यायचं. शिंपडून माझं जुनं आयुष्य नुसतं ओलं होईल.”

“मग पाद्रीसाहेबांवर विश्वास ठेव की. ते धरतील तुला.”

“त्यांच्यावर आहे रे. माझ्या पायांवर नाही. पाणी दिसलं की ते घराकडे वळतात.”

“आणि आज नाही जमलं तर?”

“उद्या येईन. तू नाही आलास तरी येईन.”

खिडकीतल्या माणसाने विचारलं, “काय बाई, पोहायला शिकायचंय?”

“नाही, बुडायला. मधेच पळून जायचं नाही, तेवढं शिकवा.”