एकाच रंगाचे भाडेकरू

वहिनी : मी म्हणते, दोन्ही घेऊन टाकू. एकाला एक लागून आहेत. एका फेरीत दोन भाडी.

नणंद : वहिनी, कालपर्यंत एकच फ्लॅट घ्यायचं ठरलं होतं.

वहिनी : दोन एकदम घेतले तर मालक किंमत उतरवतील, हे काल कुठं माहीत होतं? एजंट शेजारची किल्ली आणायला गेलाय, तेवढ्यात हो म्हणा. निम्मे पैसे माझे, निम्मे बँकेचे. तुमचा फक्त होकार.

नणंद : होकारच हवा होता तर मला कशाला आणलंस?

वहिनी : तुमच्या भावाला आणलं असतं तर त्यांनी नळ सोडून बघितला असता आणि ‘छान आहे’ म्हणाले असते. तुम्ही प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या पाण्यात दोष शोधता. म्हटलं, आज माझ्या फ्लॅटमध्ये शोधा.

नणंद : मग गॅलरीत ये. काय दिसतं?

वहिनी : काय दिसणार? कपडे वाळतायत.

नणंद : कसले?

वहिनी : निळे शर्ट. खालीही निळेच. समोरच्या कंपनीतली माणसं असतील.

नणंद : जिन्यातही दारोदार तेच काळे बूट होते. एजंटला विचारलं, तर मोठ्या कौतुकानं म्हणाला, अख्खी इमारत कंपनीवाल्यांची, खोली म्हणून रिकामी राहत नाही.

वहिनी : पगारदार माणसं, वेळेवर भाडं. वन्सं, तुम्ही सोन्यात खोट काढताय.

नणंद : कंपनी चालू आहे तोवर सोनंच आहे. ती हलली तर?

वहिनी : एवढी मोठी कंपनी कशाला हलेल? आणि आभाळ पडेल म्हणून घराबाहेरच पडायचं नाही का?

नणंद : पडायचं की. आमच्याकडे नमुने ठेवायला दोन फ्रीज आहेत, दोन वेगळ्या लाइनींवर. एक लाइन गेली तरी निम्मे नमुने वाचतात. तू दोन फ्रीज घेतेयस आणि दोन्ही एकाच लाइनवर लावतेयस.

वहिनी : भित्रेपणाला तुमच्यात शास्त्र म्हणतात वाटतं.

नणंद : भित्री असते तर पैसे बँकेत ठेव म्हटलं असतं. घर घे म्हणून मागे लागले ती मीच ना? खोली दोन-तीन महिने रिकामी पडली तरी हप्ता अडू नये, एवढ्या बेतानं घे म्हणतेय.

वहिनी : शिवणाचा क्लास या वर्षी बंद करायचाय मला. सुईत दोरा ओवायलाही आता मुलींना हाक मारावी लागते. आजवर माझ्या खर्चाला मी कुणापुढे हात पसरला नाही. एका खोलीच्या भाड्यात कसंबसं भागेल. दोनमध्ये ऐटीत.

नणंद : आणि दोन्ही रिकाम्या पडल्या तर हप्त्यासाठी दादापुढेच उभं राहावं लागेल.

वहिनी : शुभ बोल म्हटलं की मांडवाला आग लावायची तुमची रीत जुनीच आहे.

(एजंट किल्ली घेऊन येतो.)

एजंट : या ताई, शेजारचाही बघून घ्या. याची मोरी जरा मोठी आहे.

वहिनी : भाडेकरू आमचे आम्हीच शोधायचे का?

एजंट : छे. मालकांनी आजवर कधी पाटीसुद्धा लावली नाही. ते समोरच्याच कंपनीत मोठे साहेब आहेत. नवीन माणूस येणार असला की आधी त्यांना कळतं.

वहिनी : आधी त्यांना कळतं?

एजंट : म्हणजे काय. त्यांच्या सहीशिवाय तिथं पान हलत नाही.

नणंद : मग एवढे चांगले फ्लॅट विकतायत का?

एजंट : ते काही बोलले नाहीत. दोन्ही लवकरात लवकर जाऊ देत, किमतीचं बघून घेऊ, एवढंच म्हणाले.

वहिनी : वन्सं.

नणंद : ऐकलं.

वहिनी : तसं काही नसेलही. मुलांना परदेशी पाठवत असतील, कुठं मोठं घर बांधत असतील.

नणंद : असेल. आपल्याला माहीत नाही.

वहिनी : त्यांना माहीत आहे.

एजंट : काय झालं ताई? संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. टोकन दिलंत तर त्यांना थांबवतो.

वहिनी : नका थांबवू. सकाळी दाखवलीत ती शाळेमागची खोली आहे ना अजून?

एजंट : ती? तिच्यात काय आहे ताई? भाडं कमी, भिंतींचे पोपडे निघालेत. शेजारी एक नर्स, वर म्हातारा-म्हातारी, खाली घड्याळं दुरुस्त करणारा. कुणाचा कुणाशी मेळ नाही.

वहिनी : तीच घेते. रंगाचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

नणंद : आणि उरलेले पैसे?

वहिनी : बँकेत. खोली रिकामी पडली तर लागतील. बघा, मलाही येतं घाबरायला.

एजंट : बरं. मग घरी मिस्टरांशी बोलून मला कळवताय ना?

वहिनी : आत्ता कळवतेच आहे की.