दुसऱ्या तारखेची जागा

ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या शिंपीणबाईंनी पिशवीत काहीबाही शोधायचं सोंग केलं. कान मात्र शेजारच्या सासूसुनेकडे होते.

“झाकणावर मणी अर्धेच का गं?”

“आत नेण्याआधी यांनीच सांगितलंय, आई. लाकडी डबा स्वतः लेथवर कातला, लाल रंगवला, जन्मतारीख तापल्या सळईनं डागली. दुसऱ्या तारखेला जागा ठेव म्हणाले.”

“स्वतःच्या राखेच्या डब्याची केवढी ती हौस! आणि तिथं मणी लावले तर?”

“मग डागता येत नाही. आचेनं मणी तडकतात.”

“आण तो गोंद इकडे.”

“अहो आई, डॉक्टर म्हणाले होते की…”

“डॉक्टरनं जन्म दिलाय का त्याला? मणी दे.”

दार उघडलं. डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली.

सासूनं मान वर केली नाही. “थांबा हो जरा, अजून दोन मणी राहिलेत.”