भूल

(गुडगाव, १९९७. नव्या सोसायटीतला तिसरा मजला, भर दुपार. विनया आणि तिच्या सासूबाई चंद्रप्रभा. विनयाचा नवरा दिनकर आतल्या खोलीत.)

विनया : मग बॅग भरू की नको, आई? उद्या सातला नचिकेतला ॲडमिट करायचंय.

चंद्रप्रभा : थांब जरा. त्या दुसऱ्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?

विनया : म्हणाल्या, सहा वर्षांच्या मुलाची शूच्या जागची कातडी घट्ट असू शकते, घाबरू नका. मलम दिलंय. पातळसं, दोन वेळा, सहा आठवडे. जोर करून मागे ओढायची बिल्कुल नाही. बऱ्याच मुलांचं तेवढ्यानंच सुटतं म्हणे, ऑपरेशन लागत नाही.

चंद्रप्रभा : मग अडलंय कुठे?

विनया : ह्यांना घाई. सर्जननं डेट दिलीय, सुट्टी मंजूर झालीय, एकदाचं होऊन जाऊ दे म्हणतात. लघवीला पोरगं रडतं, ते बघवत नाही त्यांना.

चंद्रप्रभा : आणि नचिकेत काय म्हणतो?

विनया : तेच तर! सकाळपासून एकच घोकतोय, ‘मला भूल देऊ नका.’ मला वाटलं, हिंदीतली भूल, गलती. म्हटलं, कसली भूल, यार? तर म्हणाला, ‘भूल दिली की उठता येत नाही.’

चंद्रप्रभा : भूल म्हणाला? हाच शब्द?

विनया : हो ना. आपण सगळे ॲनेस्थेशिया म्हणतो. विचारलं, कुणी शिकवलं? तर म्हणे, वरच्या मुलानं.

चंद्रप्रभा : वर कोण राहतं?

विनया : कुणीच नाही. वरच्या फ्लॅटांना खिडक्यासुद्धा बसल्या नाहीत अजून. मी बघून आले. नुसतं सिमेंट आणि कबुतरं.

चंद्रप्रभा : नाव सांगितलं त्यानं?

विनया : बाळ. मी म्हटलं, हे काय नाव झालं? तर रागावलाच माझ्यावर. आई? अहो, उठलात कशाला?

चंद्रप्रभा : दार लोटून घे. दिनकरला ऐकू जाईल.

विनया : झोपलेत ते.

चंद्रप्रभा : दिनकरच्या आधीचा माझा मुलगा. त्याला आम्ही बाळच म्हणायचो.

विनया : ते तापानं गेले ना?

चंद्रप्रभा : ताप लोकांना सांगितला. दिनकरलाही. बाळला हेच होतं गं, नचिकेतचंच दुखणं. तेव्हा कुठलं मलम! छोटंसं ऑपरेशन, संध्याकाळी घरी न्या, म्हणाले. तुझे सासरे दौऱ्यावर, म्हणून सही मी केली. भूल दिली, ती उतरलीच नाही. चाळीस वर्षं तो शब्द घरात मी उच्चारला नाही, विनया.

विनया : मग नचिकेतला कसा...

दिनकर : मला का नाही सांगितलंस, आई?

चंद्रप्रभा : जागा होतास तू.

दिनकर : ताप म्हणालीस. कायम तापच म्हणालीस.

चंद्रप्रभा : चुकलं माझं. आता औषधं सुधारलीत, सगळ्यांना तसं होत नाही, हे मलाही कळतं. पण मलमानं भागत असेल, तर त्या टेबलावर नको रे नेऊस त्याला.

दिनकर : उद्याचं रद्द. करतो मी फोन. विनया, मलमाची चिठ्ठी कुठाय?

विनया : पर्समध्ये. मी नचिकेतला सांगून येते. जिन्यात बसलाय केव्हाचा, बोलत.

दिनकर : कुणाशी?

चंद्रप्रभा : जाऊ दे तिला. विनया, नचिकेतला एक विचारायला सांगशील?

विनया : काय, आई?

चंद्रप्रभा : बाळला दुखलं का फार.