गंधाची मोडलेली रेघ

विघ्नहर्त्या गजाननाला वंदन करून आणि वायुपुत्र मारुतिरायाचे स्मरण करून बोलतो. आज खंडेनवमी, अवजारांच्या पूजेचा दिवस, आणि तुम्ही नेमके आजच येऊन शिवरामच्या शेडमधल्या हेलिकॉप्टरची गोष्ट विचारलीत, हाही योगच म्हणायचा.

माझा जन्म वडूजजवळचा, कोरडवाहू मुलखातला. शिवराम माझा बालमित्र. कडब्याच्या ताटाची भिरभिरी करून आम्ही माळावर वाऱ्याच्या तोंडाला धावत असू. माझे भिरभिरे मोडले की मी घरी जाई, त्याचे मोडले की तो तिथेच काडी बदलीत बसे. पुढे मी वाईच्या पाठशाळेत गेलो, तो इंजिनदुरुस्ती शिकला, आणि काय सांगू तुम्हाला, दैवाने दोघांनाही कडेगावलाच आणून सोडले, मला संस्कृतचा शिक्षक म्हणून आणि त्याला उसाच्या रानातल्या इंजिनांचा मिस्त्री म्हणून. शाळा सुटली की मी त्याच्या शेडमध्ये जाऊन बसे. डिझेलच्या त्या वासात गवती चहाचा वास मिसळलेला असे. तो आठवला की आजही मन निवते.

साठी उलटल्यावर त्याने सुट्या भागांचे हेलिकॉप्टर मागवले, एकाच माणसाचे, घरी जोडायचे. मी चेष्टा केली की म्हणे, गुर्जी, तू गणपती बसवतोस, मी पंखं बसवतो, दोघंबी पोटासाठी न्हाई, हौसंसाठी. जोडून झाले, पण उडवायची परवानगी आलेली नव्हती. तरी त्याने मनावर घेतले, दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून आपल्याच रानात यंत्र जमिनीपासून दोन हात वर उचलून परत खाली ठेवतो.

सैन्यात हेलिकॉप्टरची देखभाल केलेले एक सुभेदार जवळच राहत, ते बघून गेले. म्हणाले, शिवरामदादा, त्या दोन हातांचंच भ्या हाय, उंचावर इंजिन बंद पडलं तर पंखा वाऱ्यावर फिरत ठेवून उतरायला सवड मिळती, खाली ती मिळत न्हाई. आन जोडलं तुमीच, तपासलं तुमीच, दुसऱ्याची नजर कुठं हाय? शिवराम हसला, आवं, बायकोची नजर हाय की, लय कडक!

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मला ओसरीवर गाठले, आवं गुर्जी, दसऱ्याला मुहूर्त न्हाई म्हणून सांगा, तुमचं ऐकतील ते. आता दसरा साडेतीन मुहूर्तांतला. त्या दिवशी मुहूर्त नाही असे कोणत्या तोंडाने सांगू? खोटे बोलवेना, आणि मित्राचा जीव तर डोळ्यांसमोर.

त्या वर्षी खंडेनवमीला त्याच्याकडे पूजेला गेलो. आमच्याकडची रीत अशी, की अवजार धुवून पुसून गंध लावायचे आणि पुजलेल्याला त्या दिवशी विश्रांती द्यायची. शिवरामला एका टिळ्याने समाधान कुठले! मी मंत्र म्हणतोय आणि हा प्रत्येक नटाला गंधाची रेघ ओढतोय, नटावरून निघून शेजारच्या पत्र्यावर उतरलेली. ती वाळली, आरती झाली, वहिनींनी हार उतरवले, आणि याला धीर धरवेना. उडवत न्हाई, नुसतं फिरवून बघतो. वहिनी म्हणाल्या, आज पुजलंय न्हवं, हात लावू नगा. मीही म्हणालो. ऐकतो कुठला! साखळ्यांनी जमिनीशी जखडलेले ते यंत्र त्याने चालू केले. धूळ, झेंडूच्या पाकळ्या, माझे उपरणे, सारे उडाले, तेवढे यंत्र सोडून.

बंद केल्यावर फडके घेऊन पुसत गेला तो शेपटाकडच्या लहान पंख्याशी थबकला. गुर्जी, हिकडं ये. तिथली रेघ मोडली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, पत्र्यावरचा दुसरीकडे. नट फिरून सैल झाला होता, तो फिरू नये म्हणून अडकवायची तार घालायचीच राहिली होती. शिवराम मातीत बसला. माझ्याच हातचं हाय गड्या, उद्या सुटलं असतं.

रीत पाळल्याने तो वाचला की मोडल्याने, हे मला कुठल्याही शास्त्राच्या आधारे सांगता आलेले नाही. दसऱ्याला आम्ही दोघे पायीच शिवेपर्यंत गेलो, आपट्याची पाने घेऊन परतलो. वहिनींनी दोघांनाही दारातच ओवाळले.

परवानगी आलीच नाही, पुढे त्याची दृष्टीही अधू झाली. यंत्र शेडमध्ये आहे. आज सकाळीही त्याने रेघा ओढल्या, मी हात धरून नट दाखवले. मग विचारतो कसा, उडलं असतं का रं? मी म्हणालो, उडाले असते, उतरण्याचे वहिनींना विचार. आतून आवाज आला, चहा निवतोय, आधी तेवढं उतरवा पोटात.

बाबांनो, तुमच्या घरातून जो जो बाहेर पडेल, तो दिवेलागणीला उंबऱ्याच्या आत परत येवो आणि त्याची वाट पाहणारे कोणी तरी घरात सदैव असो, हाच माझा आशीर्वाद.