खमीसच्या हातची गाठ

हॅलो?… हो, मीच. रदिया. … ओळखलं गं, मुनजिया. स्फाक्सहून मला दुसरं कोण फोन करणार? … काही नाही, घसा बसलाय जरा. डोंगरावर वारा होता सकाळी.

… फोटो मिळाला? तौहीदानं पाठवला असेल. … हो, आमच्या निसर्ग मंडळाची तीच मास्तरीण. पोरांवर ओरडते तशी आमच्यावरही ओरडते. घारी जाताना कुणी शिंकायचंसुद्धा नाही. … हो, तो लमीनच, दुर्बीण उलटी धरलेला. जन्मभर मासे धरले, आता म्हातारपणी पाखरं बघतोय. त्याला प्रत्येक कबुतर गरुड वाटतं.

… अंगात ना? तुझ्या भावाचाच, खमीसचाच लोकरी कशाबिया. … असू दे मोठा. त्याची ससाणी ना लल्ला, तिला त्याचा वास ओळखीचा होता.

‘होता’ म्हटल्यावर रदियानं खाली बघितलं. तिच्या मांडीवर लमीनची लाल लोकरी टोपी होती. तिच्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

… ऐकतेय ना. … हो, दिवस छान होता. रोजमेरी फुललीय सगळीकडे. आधी पाकोळ्या गेल्या, मग मोहोळघारी, थव्यानं, आणि मग ससाणे, एकेकटे. तौहीदा म्हणाली, रदियाबाई, आता. तिची जातवाली चाललीत, आता सोडा. … हो, खमीस असंच म्हणाला होता शेवटी. मागच्या उन्हाळ्यातच सोडायची ती, लाव्यांची शिकार संपली की सगळे सोडतात तशी. पण अंथरुणावरून म्हणायचा, राहू दे, मी उठलो की सोडू. आणि मग… हो. मग वसंत येईपर्यंत मीच सांभाळली.

… नाही, नाही रडत.

… अगं ऐक ना, मला बोलू दे. … गेली ना. मुठीवरून उठली, सरळ दीपस्तंभाकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लमीनच्या डोळ्यांत पाणी. … हो. … मुनजिया, समुद्र पार नाही केला तिनं.

… नाही गं. … नाही, बंदूक नाही, कुणी नाही मारली. … दुपारी लमीन घेऊन आला. डोंगराखाली रानजैतुनाच्या झाडात होती. उलटी लटकलेली, पायातल्या चामडी वादीला.

… हो. वादी होती पायात.

… माहीत आहे मला. दोन्ही कापायच्या असतात. तुमच्या घरात नांदले मी, मला नाही माहीत? … कापली होती ना एक, पहाटे, नमाज झाल्यावर. डाव्या पायातली. उजव्या पायातली खमीसनं बांधलेली होती. दवाखान्यात नेलं त्या सकाळी. उठवत नव्हतं त्याला, तरी मला बांधू दिली नाही. … त्याच्या हातची शेवटची गाठ होती ती, मुनजिया. चाकू लावला, आणि नाही चालला हात. सोडवून बघितली, सुटेना. मग वाटलं… हसू नकोस. वाटलं, त्याचं काहीतरी जाऊ दे तिच्याबरोबर. समुद्रापलीकडे. तो कधी गेला नाही कुठे.

… विचारलं ना तौहीदानं. पाय मोकळे ना, म्हणून. मी मान डोलावली. बाही लांब होती, कुणाला दिसलं नाही.

… किती वेळ लटकली असेल गं? आम्ही वर मलावीच्या पोळ्या वाटून खात बसलो होतो. मी नव्हते खात, माझा नवसाचा रोजा. ती सुखरूप पार व्हावी म्हणून धरलेला. … आहे अजून. सूर्य बुडायला, मगरिबला वेळ आहे. … मोडू कशाला? आता तिच्यासाठी दुसरं काय करू शकते मी?

… कोण? उम्मी उठल्या? … नको, आत्ता नको देऊस. … तूच सांग ना काहीतरी. … मी कसं सांगू, सुखरूप गेली म्हणून? रोजा आहे माझा, रोज्यात खोटं… मुनजिया? अगं…

रदियानं कशाबियाच्या बाहीनं डोळे पुसले, जणू फोनमधून दिसणार होते.

… सलाम, उम्मी. … हो, मीच, तुमची सून. … खाल्लंत काही? … बसीसा? बरं केलंत. … हो, गेली. आज सकाळी. … तुमच्या खमीसनं सांगितलं होतं तसंच. … दीपस्तंभावरून, हो. समुद्राकडे.

… नाही, मागे वळून नाही बघितलं. … ती थोडीच माणूस आहे.

… काय म्हणालात?

… हो, उम्मी.

… कापल्या. … दोन्ही. … चाकूनंच. … नाही, नाही लागलं तिला. … हो. दोन्ही पाय मोकळे होते.

… आमीन, उम्मी. तुम्ही झोपा आता. … आमीन.

फोन तिकडून ठेवला गेला. रदियानं टोपीची घडी उघडली आणि त्या बारीक पिवळ्या पायावरून बोट फिरवलं. गाठ तशीच घट्ट होती.