हौसाच्या डोळ्याचं गाऱ्हाणं

सन्माननीय अध्यक्ष रावजी खोत, देवस्थानचे मानकरी, पालीहून आलेले पाहुणे, जमलेल्या आयाबहिणींनो, आणि आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या जनावरांच्या डॉक्टर राजश्रीबाई,

प्रथम उशिराची माफी मागतो. माझं नाव केव्हाच पुकारलं, पण मी बाहेर माहूत शिवाला काही समजावत होतो. एकदा सांगून माझं समाधान होत नाही, हे तुम्ही जाणताच. मी गंगाराम. शिक्षण चौथीपर्यंत. देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालतो, म्हणून मला इथं उभं केलंय.

आपली हौसा हत्तीण गेल्या शिमग्यात पालखीपुढे चालताना राखणदाराच्या पाषाणाजवळ अडली, आठवतं ना? पाऊल टाकीना. राखणदार कोपला म्हणून आपण नारळ दिला, कोंबडा दिला. ती हलेना. मग बाई आल्या. त्यांनी तिच्या डाव्या डोळ्यापुढे हात हलवला. पापणी लवली नाही. बुबुळावर फूल पडलेलं. डाव्या अंगाला वहाळ, खोल ओढा, आणि तीच बाजू आंधळी! मुकं जनावर पाय टाकील कसं?

बाई म्हणाल्या, "गुलाल आणि गवताचा कचरा जाऊन जखम झाली, ती चिघळली. हा डोळा गेला. उजवाही लाल आहे. औषधाचे थेंब चुकले तर तोही जाईल."

माझी झोपच उडाली. हौसा डोळ्याजवळ कुणाला येऊ देईना. बाटली दिसली की मान झटकायची. शिवा दोनदा आपटला, तरी बाईंनी अंकुश लावू दिला नाही. घाबरून मी तिथंच हात जोडले, "बा देवा महाराजा..." आणि काय सांगू! हौसा मान खाली घालून उभी. पालखीपुढे गाऱ्हाणं सुरू झालं की तसंच उभं राहायची तिला वर्षानुवर्षांची सवय. मी थक्क होऊन गप्प झालो, तर बाई ओरडल्या, "काका, थांबू नका!"

"मागू काय?"

"काहीही मागा!"

तेव्हापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ गाऱ्हाणं. पाऊस मागून झाला, पोरांना जयगडच्या बंदरात नोकऱ्या मागून झाल्या, माझ्या बायकोचा, मालनचा गुडघाही झाला. शिवा म्हणायचा, "आजोबा, आता मला बायको मागा." तुम्ही हसताय, पण मला धास्ती! उठसूट दारात उभं राहिलो तर देव रागावणार नाही? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगा त्याला, डॉक्टरांनी लिहून दिलंय."

परवा बाईंनी उजव्या डोळ्यापुढे हात नेला. पापणी चटकन मिटली. "नक्की ना?" असं मी तीनदा विचारलं. नक्की. डावा गेला तो गेलाच. पण उजव्यानं ती आपल्याला बघते. यापुढे वहाळाच्या बाजूनं शिवा चालेल, आणि गुलाल लांबूनच उधळायचा. त्या रात्री मी घोरलो म्हणे. मालन सांगते.

बाई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द थोडे. बदलीच्या गावी, चंद्रपूरला पोहोचलात की लगेच फोन करा, नाहीतर मी बसलोच काळजी करत. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सर्वांनी पोटात घाला.

आता सगळे उभे राहा. आवाज दाराबाहेर गेला पाहिजे. हौसाचं संध्याकाळचं औषध राहिलंय, शिवा तिच्याजवळ बाटली घेऊन तयार आहे.

बा देवा महाराजा, ही आमची लेक परमुलखात चाललीय. तिच्या हाताला असंच यश दे, आणि पोहोचल्याचा फोन लवकर करायची तिला आठवण दे रे महाराजा!

म्हणा, होय महाराजा!